उभी वैतरणा

विरारहून सुटलेली डहाणू लोकल वैतरणा स्टेशन सोडते आणि थोड्या वेळानं चाकांचा आवाज पोकळ होतो. खाली पाणी आलेलं असतं. पत्त्यांचा डाव चालू राहतो, झोपलेले मान पलीकडे टाकतात, दारातला एखादा खिशातून नाणं काढून गर्डरच्या फटीतून नेम धरतो. एखादी बाई निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी, पिशवीसकटच, सोडून देते आणि हात जोडते. मग थोडी जमीन लागते, पुन्हा पोकळ आवाज, पुन्हा पाणी. रेल्वेच्या दप्तरी यातला पहिला पूल 92 क्रमांकाचा, दुसरा 93. दोन पुलांमधल्या जमिनीला वाढीव म्हणतात आणि तिथे माणसं राहतात, हे डब्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. सफाळे येतं आणि नदीचा विषय संपतो.

मी राहिलो बोईसरला आणि नोकरी केली वसईच्या शाळेत. त्यामुळे ही नदी माझ्या खिडकीतून सगळ्या ऋतूंत गेली आहे. आषाढात गढूळ आणि ओढाळ, पौषात धुक्याखाली गडप, चैत्रात ओहोटीला नुसता चकचकीत चिखल. पण ती माझ्यालेखी कायम एक आडवी पट्टीच होती. परतीच्या गाडीत डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मध्ये पाणी. हे पाणी कुठून आलं आणि सफाळ्याच्या आधी वळून कुठे गेलं, हे भूगोलाच्या तासाला मी मुलांना सांगत असे, आणि सांगताना नकाशावर काठी फिरवत असे. पाणी कधी मनात आलं नाही.

या नदीच्या नशिबीच ओलांडलं जाणं आहे असं वाटतं. गरुडपुराणातली वैतरणी यमाच्या वाटेवर आडवी पडलेली असते. मेलेल्या माणसाला पलीकडे जाता यावं म्हणून नातेवाईक गाय दान देतात. पुराणाला त्या नदीच्या उगमात किंवा मुखात फारसा रस दिसत नाही, तिचं काम आडवं येण्याचं. आमच्या पालघरच्या वैतरणेशीही लोक तसेच वागले. 1864 साली मुंबई-सुरत आगगाडी जोडली गेली ती हिच्यावरून. अहमदाबादचा हायवे वर मनोरकडे तिला ओलांडतो. मालगाड्यांचा नवा स्वतंत्र मार्ग ओलांडतो. बुलेट ट्रेनचा दोन किलोमीटरहून लांब पूल तिच्यावरच, आणि तो त्या सगळ्या मार्गावरचा सर्वांत लांब नदीपूल असणार आहे, हे आम्ही अभिमानानं सांगतो. एप्रिल 2025 पासून विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या खारवाडेश्रीला रो-रो बोट सुरू झाली. रस्त्यानं साठेक किलोमीटरचा वळसा होता, तो पाण्यावरून दीड किलोमीटरचा झाला. मोटारसायकल बोटीवर चढवायची, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. फार मोठी सोय झाली, त्याबद्दल शंका नाही. पण तीही आडवीच.

निवृत्त झाल्यावर मला ही नदी उभी बघायची होती. म्हणजे मुखाकडून वर, भरतीबरोबर, जितकं जाता येईल तितकं.

सफाळ्याच्या मित्रानं दातिवऱ्याचे एक मांगेला काका शोधून दिले. त्यांची फायबरची होडी, मागे लावलेलं मशीन, आणि पुढच्या टोकाला देवीचा हळदी-कुंकू लावलेला फोटो. फोनवर मी म्हटलं, "काका, येत्या रविवारी जमेल का?" ते म्हणाले, "रविवार सोडा मास्तर, तिथी सांगा." मला तिथी माहीत नव्हती. त्यांनीच मग ठरवलं: कार्तिक वद्य पंचमी. त्यांचा हिशेब सोपा होता आणि भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला लाज वाटावी इतका चोख होता. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. पंचमी, म्हणजे पाचाची पाऊणपट, पावणेचार. त्याच्या सहा तास आधी ओहोटी संपते. म्हणजे दहाच्या सुमाराला पाणी आत वळायला लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग. पंचमीला पाण्याला जोर असतो पण माज नसतो. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो आणि समुद्र त्याच्यामागून, एवढंच त्यामागचं शास्त्र. ज्यांना या हिशेबाची गरज होती ते तो बोटांवरच मोजत आले.

खारवाडेश्रीच्या धक्क्यावर आम्ही होडीत बसलो तेव्हा पाणी नुकतंच फिरलं होतं. पश्चिमेला नदीचं तोंड दिसत होतं. उत्तरेच्या बाजूला दातिवरे आणि त्याचा छोटासा किल्ला, दक्षिणेला समुद्रात अर्नाळ्याचं बेट. अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर बाजीरावाचं नाव कोरलेला शिलालेख आहे. 1737 साली मराठ्यांनी बेट घेतल्यावर तो किल्ला नव्यानं उभा राहिला. तिथून तोफांचा मारा कुणावर करायचा होता हे होडीतून पाहिलं की आपोआप कळतं. जो कुणी ही खाडी चढून वर जाईल, त्याच्यावर. किल्ले बांधणाऱ्यांना नदी उभी दिसत होती.

आणि वर जाण्यासारखं होतंही पुष्कळ. अशेरीच्या आसपासच्या रानातलं सागवान पोर्तुगीजांना हवं होतं, मनोर त्यांच्या ताब्यात होतं ते त्यासाठीच. तिकडचं लाकूड पाण्यावरून खाली आगाशी-वसईला यायचं, तिथे त्याची जहाजं व्हायची. आगाशी हे जहाजबांधणीचं नावाजलेलं बंदर होतं, इतकं की सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी ते जाळलं. पुढे इंग्रजांच्या काळातही वैतरणेतून मनोरपर्यंत गलबतं चढत. भात, लाकूड, गवत खाली यायचं, मीठ आणि सुकी मासळी वर जायची. मग आगगाडी आली, तिनं नदीला काटकोनात छेद दिला, आणि सगळा माल त्या छेदाच्या दिशेनं वळला. नदी तीच राहिली, फक्त तिच्या बाजूनं जाण्याचं कारण उरलं नाही.

काकांनी मशीन अगदी हळू ठेवलं होतं. "पाणी नेतंय, कशाला तेल जाळायचं," असं म्हणत. नदीच्या नेहमीच्या कल्पनेला इथे पहिला धक्का बसतो. नदी उतारावरून समुद्राकडे वाहते हे आपण पहिलीपासून ऐकत आलेलो. इथे नदी डोंगराकडे वाहत होती, तीही रमतगमत नव्हे, पाण्यावरच्या काटक्या आणि थर्माकोलचे तुकडे आम्हाला मागे टाकून पुढे चालले होते. पाण्याचा रंग चहासारखा. हात घालून जिभेला लावलं तर मचूळ. काका म्हणाले, श्रावणात इथे गोडं पाणी असतं, शिमग्याला पार खारट होतं, आता मधलं.

या मधल्या महिन्याचीच मला ओढ होती. शरद संपत आलेला, हेमंत अजून पुरता बसलेला नाही. आकाश धुतल्यासारखं राहतं, पण उन्हाची ऑक्टोबरची धार गेलेली असते. तिवरांची गर्द हिरवी भिंत दोन्ही काठांना, मध्येमध्ये चिपीची झाडं. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या शेपटी आपटत पाण्याच्या पुढे पळत होत्या, आणि त्यांच्यामागे पाणी. शेकाट्यांचा थवा लांब गुलाबी पायांवर उभा होता. तुतारी पक्षी आलेले होते, कुरवही आलेले होते. हे सगळे पाहुणे उत्तरेकडून येतात आणि बरोबर याच सुमाराला, जेव्हा आमच्याकडे भात कापून शेतं मोकळी होतात आणि खाडी निवते. एका वळणावर ब्राह्मणी घार पाण्यावरून एकदाच झुकून काहीतरी घेऊन गेली. मित्राला वाटलं बोय असावा. काकांना वाटलं, मेलेली शिंगाळी. घारीला विचारायची सोय नव्हती.

तिवरांच्या मागे बांध, आणि बांधांच्या मागे खाजणातली शेतं. कापणी झालेली. काही ठिकाणी भाताचे भारे अजून शेतात पसरलेले, काही ठिकाणी उडव्या रचलेल्या. एका बांधावर दोन बायका डोक्यावर भारे घेऊन चालल्या होत्या. पाण्यावरून बघताना त्यांचे पाय दिसत नव्हते, नुसते भारे सरकत होते. दूरवरच्या पाड्यावर कुठेतरी झोडणीचा आवाज. तुळशीची लग्नं उरकलेली, वारली पाड्यांवर तारपा वाजायचे दिवस. गाडीतून हे सगळं समोरून दिसतं. बैलगाडीची वाट, विहीर, घर, सगळं रुळांच्या दिशेनं तोंड करून असतं. पाण्याच्या बाजूनं घरांच्या मागच्या पडव्या दिसतात, वाळत घातलेली जाळी, उलट्या करून ठेवलेल्या जुन्या होड्या. या गावांची एके काळची पुढची बाजू हीच असणार.

वाढीवजवळ आलो तसा पुलांचा आवाज लांबूनच ऐकू यायला लागला. खालून पूल पाहणं वेगळंच. वर गाडी गेली, लोखंड थरथरलं, बारीक गंज पाण्यावर पडला. कुणाचं नाणं पडलं असेल तर दिसलं नाही. काकांनी होडी दगडी पायांपासून लांब ठेवली. पायांभोवती पाण्याला भोवरा असतो. वाढीव आणि वैतीपाड्याची माणसं पिढ्यान् पिढ्या या रेल्वेपुलांवरूनच चालत स्टेशन गाठत आली आहेत, कारण बेटाला दुसरा रस्ता नव्हता. रात्री-अपरात्री, पावसात, डोक्यावर ओझं घेऊन, गाडी आली की कठड्याला चिकटून. त्यात जीव गेलेले आहेत. ज्या पुलावर आम्ही पत्ते खेळत होतो, तो त्यांचा पायरस्ता होता, हे कळायला मला नोकरी संपावी लागली. बेटाच्या काठाला दोन-तीन होड्या लागलेल्या होत्या. दप्तर पाठीवर घेतलेला एक मुलगा आमच्याकडे बघून हात हलवत होता आणि काका त्याच्या आजोबांची विचारपूस ओरडून करत होते. त्या ओरडण्यातून मला एवढंच कळलं की आजोबा बरे आहेत आणि पैसे अजून द्यायचे राहिलेत.

पुलांच्या आसपास रेतीवाले लागले. वैतरणेची रेती म्हणजे एके काळी मुंबईच्या इमारतींचा कच्चा माल. हातपाटीचं काम अजून चालतं: होडी नांगरायची, एक बांबू तळाशी रोवायचा, त्याला धरून माणूस बालदी घेऊन बुडी मारतो, तळातली रेती भरतो, वरचा दोरीनं ओढून घेतो. कमरेइतक्या नाही, दोन-तीन पुरुष खोल पाण्यात. पुढे सक्शन पंप आले आणि शंभर बुड्यांचं काम एका नळीनं व्हायला लागलं. त्यांच्यावर बंदी आली. महसूल खात्यानं पंप जप्त करून फोडले, जाळले, अशा बातम्या अधूनमधून येतात. पुलांच्या पायांभोवतीची रेती गेली तर पूल बसेल, ही भीती रेल्वेला आहेच. बुड्या मारणाऱ्या माणसाच्या कानांचं काय होतं याची बातमी येत नाही. आमच्या शेजारून गेलेल्या होडीतला एकजण नुकताच वर आला होता. काठाला धरून नुसता श्वास घेत होता. काकांनी त्याला तंबाखूची पुडी फेकली. त्यानं ओल्या हातानं झेलली.

पूल मागे टाकले की नदी बदलते. आवाज जातो, आणि पात्र उत्तर-पूर्वेकडे वळत डोंगरांत शिरायला लागतं. डाव्या हाताला तांदुळवाडीचा किल्ला वर येतो. त्या किल्ल्यावर मी मुलांना घेऊन गेलो आहे. वरून सूर्या आणि वैतरणेचा संगम दिसतो, दोन चकचकीत रेषा मिळून एक होताना. सहलीला गेलेली मुलं संगम बघत नाहीत, डबे उघडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. पण मला त्या दिवशी होडीतून किल्ल्याकडे मान वर करून बघताना सूर्येची आठवण झाली, कारण आमचं बोईसर सूर्येवर जगतं. आम्ही तिला कधी बघत नाही, ती नळातून येते. धामणीचं धरण, त्याखाली कवडासचा बंधारा. तिथून कालवे आणि नळ. तारापूरच्या कारखान्यांना सूर्या, गावांना सूर्या, आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरलाही सूर्याच. ज्यांची जमीन धरणाखाली गेली आणि ज्यांना शेताला पाणी मिळेल म्हणून सांगितलं होतं, त्या आदिवासी पाड्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

वैतरणेचं तर याहून टोकाचं. मुंबईला पाणी देणारे तलाव सात: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा. यातले तीन या एकाच नदीवर आहेत, आणि चौथा तानसा हिच्याच उपनदीवर. तानसा 1892 चा. मोडकसागर 1957 चा. मुंबई महापालिकेचे अभियंता मोडक यांचं नाव त्याला दिलं आहे. अप्पर वैतरणा 1973, आणि शंभर मीटरहून उंच भिंतीचं मध्य वैतरणा 2014. आता गारगाई या उपनदीवर वाड्याकडे आणखी एक व्हायचं घाटत आहे. म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरातून ही नदी निघते, तिथून जवळच गोदावरीही निघते. एक पूर्वेला वळून 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते, तिच्या काठी पैठण होतं, नाशिक होतं, नांदेड होतं, तीर्थं होतात, ग्रंथ होतात. दुसरी पश्चिमेला उडी घेते आणि वाटेत मुंबईच्या तहानेला लागते. पावसाळा संपला की धरणांची दारं मिटतात. कार्तिकात वरून उतरणारं गोडं पाणी म्हणजे उपनद्यांचं, झऱ्यांचं, शेतांतून निथळलेलं, एवढंच. त्यापुढे उन्हाळ्यापर्यंत इथे नदी नावाची जी गोष्ट दिसते, ती बहुतेक समुद्रच असते. दिवसातून दोनदा वर येतो, दोनदा खाली जातो. मला भरतीबरोबर जाताना इतकं सोपं वाटत होतं, त्याचं एक कारण हेही होतं. समोरून ढकलणारं कुणी राहिलेलं नव्हतं.

मी हे काकांना सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "गोडं पाणी कमी झालं तशी कोलंबी कमी झाली," एवढंच म्हणाले. जिताडा अजून मिळतो, पण पूर्वीच्या मापाचा नाही. जिताडा खाडीतल्या मचूळ पाण्यात वाढतो आणि त्याची आयुष्याची ये-जा गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवर चालते. ती सीमाच वर सरकली की त्यानं कुठे जावं? त्यांच्या या बोलण्यावर मित्रानं जिताड्याच्या कालवणाचा विषय काढला आणि पुढचा मैलभर तोच विषय चालला. चिंच की कोकम, यावर एकमत झालं नाही.

तरी ही खाडी जिवंत आहे, हे मला मान्य करावं लागलं, आणि त्यात थोडा मत्सरही होता. आमच्याकडे, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे नवापूर-दांडीच्या खाड्या आहेत. बोईसरला नवीन आलेल्या माणसाला रात्री वास कसला येतो हे समजायला काही दिवस लागतात. त्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली, वर्षानुवर्षं प्रकरण चाललं, 2022 साली लवादानं कारखान्यांना दंड लावला. काकांची मामाकडची मंडळी त्याच बाजूची. "तिकडं आता होडी नेऊन काय करणार," असं म्हणून त्यांनी थुंकी पाण्यात न टाकता, होडीतल्या डब्यात टाकली. मला ते लक्षात राहिलं.

दुपारी अडीचच्या सुमाराला आम्ही पारगावच्या बाजूला पोचलो. काठाला एका सावलीत होडी लावली आणि डबे उघडले. मी भाकरी आणि वालाची उसळ नेली होती. काकांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी, जिच्यापुढे माझी उसळ कुणी पाहिली नाही. या पट्ट्यात पुढे बहाडोली आहे, तिथल्या जांभळांना 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कार्तिकात जांभूळ असायचं कारण नाही, पण मित्राचा मामेभाऊ तिथला, त्यामुळे त्या जांभळांचं वर्णन आम्हाला ऐकावं लागलं. मुखाशी भरती पावणेचारला पूर्ण; इथे वर ती उशिरा पोचते, समुद्रानं हाक मारली की इथे ऐकू यायला वेळ लागतो. त्यामुळे आम्ही जेवून, आडवं होऊन, पुन्हा उठून बसलो तरी पाणी चढतच होतं. होडीच्या कडेला मी एक काडी रोवली होती. ती बुडाली, दुसरी रोवली, तीही बुडाली.

त्या बसण्यात मला अचानक एक जहाज आठवलं. एसएस वैतरणा. याच नदीचं नाव दिलेली, स्कॉटलंडमध्ये बांधलेली आगबोट. 1888 च्या नोव्हेंबरमध्ये ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली, द्वारका-पोरबंदर करत. विजेचे दिवे होते म्हणून गुजराती लोक तिला वीजळी म्हणत. मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं तिच्यात होती, लग्नाची वऱ्हाडं होती. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात ती गेली, सातशेच्या आसपास माणसांसह, आणि कुणीही परत आलं नाही. तीही कार्तिकातलीच गोष्ट, लाभपंचमीची. गुजरातेत त्यावर गाणी झाली, ती अजून म्हटली जातात. ज्यानं आगबोटीला हे नाव दिलं त्याला नकाशावरची एक नदी दिसत असेल. जे चढले त्यांच्या आज्यांना पुराणातली दिसली असेल. शिक्षक असल्यानं असल्या गोष्टी माझ्या डोक्यात साठतात, त्याला इलाज नाही. काकांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "वादळाचा इशारा होता का?" पोरबंदरला बोट पुढे नेऊ नका असं सांगितल्याची बोलवा आहे, असं मी म्हटलं; नंतर ते नाकारलं गेलं. "असणारच," ते म्हणाले. कशाला असणारच, इशारा असणार की नाकारणं, ते मी विचारलं नाही.

साडेचारच्या पुढे काडी बुडायची थांबली. थोडा वेळ पाणी कुठेच जात नव्हतं. एक सुकलेलं पान होडीच्या बाजूला होतं तिथेच गोल फिरत राहिलं. मग ते खालच्या बाजूला निघालं आणि काका उठले.

परतीला ओहोटीनं आम्हाला ज्या वेगानं नेलं त्यात बघायला फारशी फुरसत नव्हती. काकांचं सगळं लक्ष वाळूच्या उथळ पट्ट्यांकडे. पाणी उतरायला लागलं की त्या कुठे वर येतील हे दर वर्षी बदलतं, आणि रेती काढल्यापासून दर महिन्याला. पुलाखालून जाताना एक लोकल वरून गेली, सगळे दिवे लागलेले, दारात लोंबकळणारी माणसं. माझ्या ओळखीचीच गाडी असावी. मी वर बघून हात केला. खाली बघायला त्यांना वेळ कुठला.

खारवाडेश्रीला उतरताना मी काकांना विचारलं, "मनोरपर्यंत जायचं असेल तर?"

"उधाण पाहिजे. पुनवेची भरती. मार्गशीर्षात या, तेव्हा तसं जमेल." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, मग थांबले. "पण पुनव रविवारी पडली तर होडी मिळायची नाही. मुलगा टुरिस्ट घेऊन अर्नाळ्याला जातो."

"तुम्ही गेलाय का कधी मनोरला?"

"आजा जायचा. भाताला." त्यांनी पैसे मोजून खिशात टाकले, दोनशेची एक नोट फाटकी निघाली ती परत दिली, मी बदलून दिली. "मी कशाला जाऊ? मनोरला जायला एसटी आहे की, मास्तर."